कंपनीची टोन

नहरमामा माणसाची लायकी त्याच्या फोनच्या रिंगटोनवरून ठरवायचा, आणि हिंगणीतल्या बहुतेकांची ठरवून मोकळा झाला होता. पानठेल्यावर, किराणा दुकानात, अगदी मयताच्या ओसरीवरसुद्धा कुणाचा फोन वाजला की हा बोलणं थांबवायचा, मान तिरपी करायचा आणि तो माणूस 'हॅलो' म्हणायच्या आत निकाल देऊन टाकायचा. "माणूस बोलाच्या आंधी त्याचा फोन बोलते," हे त्याचं लाडकं वाक्य. पुढचंही कमी लाडकं नव्हतं. "अन् तेवढ्यावरच समजते, का आता पुढचं आयकाची गरज नाई."

असा उद्धट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची हौसही नाही. मी त्याचा सख्खा भाचा. वर्ध्याला एका कॉलेजात क्लार्क आहे. मामाची नोकरी बोर धरणाच्या कालव्यावर पाणी सोडण्याची. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात, म्हणून तो नहरमामा. त्याचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं. समोर मी त्याला 'तुमी' म्हणायचो, मागे 'तो'. इथेही 'तो'च लिहितो. त्यानं मला आयुष्यभर जे जे म्हटलं ते पाहता एवढी सूट मला मिळायला हरकत नाही.

आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाचा वयानं कितीही लहान असो, दाराशी आला की मामा वाकतो. नहरमामा ही रीत कधी चुकला नाही. पण वाकताना पाया पडायचा आणि उठता उठता अपमान करायचा. "या भाचेबुवा. शर्ट कोणाचा मागून आणला?" किंवा "या भाचेबुवा. अजून क्लार्कच हाये ना?" पायाला लागलेले हात आणि तोंडातून निघालेलं वाक्य यांचा एकमेकांशी काही संबंध नसायचा. लहानपणी मला वाटायचं सगळेच मामा असे असतात. तसं नव्हतं. हाच एक असा होता.

नोकरीत असताना हा माणूस सायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधून नहरीच्या काठाकाठानं फिरायचा. पाण्याची पाळी कुणाची आहे यापेक्षा आज कोणत्या गावात भजन आहे याची खबर त्याला आधी असे. कुठे खंजिरीवरची भजनं, कुठे रात्रभर चालणारं दंडारीचं लोकनाट्य, कुठे लग्नातल्या बायकांची गाणी, कुठे वरातीतला बँड, सगळं त्यानं टेप करून आणलं. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात तेव्हा गडीमाणसं एकमेकांना डिवचत आरोळ्या देऊन कवनं म्हणतात, त्याला झडत्या म्हणतात. त्या झडत्यांच्या तर त्याच्याकडे बावीस कॅसेट होत्या. या सगळ्या कॅसेट एका लोखंडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. पेटीवर कुलूप. जसं काही चोर हिंगणीला येतील, मामीच्या पाटल्या सोडतील आणि कुणा अनोळखी गावच्या भजनी मंडळाची कॅसेट उचलून नेतील!

सिनेमाची गाणी वाजली की त्याचं तोंड कडू व्हायचं. किराणावाल्याच्या फोनवर एक सिनेमाचं गाणं होतं, त्याला हा म्हणाला, "हे गाणं तुनं पैदा केलं? नाई ना? मंग दुसऱ्याचं पोरगं कायले कडेवर घेऊन फिरतो?" शाळेच्या मास्तरांच्या फोनवर लहान मूल खिदळायचं. त्या मास्तरांशी मामानं बोलणंच टाकलं. आणि एका माजी सरपंचाच्या फोनमधून बाई हिंदीत सांगायची की साहेब, आपका फोन आया है. त्याच्याबद्दल मामा म्हणाला, "याले सोताच्या खिशातूनबी कोणी साहेब म्हणाले पाह्यजे." हे मात्र मला आवडलं होतं. पण मी हसलो नाही. हसलो असतो तर त्यानं ते वाक्य आणखी दहा वर्षं चालवलं असतं.

मामा रिटायर झाला तेव्हा पुलगावला दिलेल्या त्याच्या मुलीनं, म्हणजे आमच्या ताईनं, त्याला स्मार्टफोन घेऊन दिला. डब्यातून काढला, चालू केला आणि ताईनंच समोर बसून पहिला फोन लावला. कंपनीनं घालून दिलेली ती टोन वाजली. ठणठणीत, खणखणीत, एकाच सुराची, कुणीतरी डोक्यात चमचा मारावा तशी. मामानं फोन हातातून खाली ठेवला. "हे टोन हाये? हे तं कंपनीचा भोंगा हाये. ड्युटी संपली माही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाचेबुवा, तुह्या कॉलेजात कम्पुटर हाये ना? मंग काहीतरी उपयोग कर सोताचा."

अशा रीतीनं या माणसानं माझे रविवार खाल्ले. सकाळी नऊ वाजता मी वर्ध्याहून फोन लावून सांगायचो की निघतोय, मग लॅपटॉप पाठीला लावून सेलूमार्गे हिंगणी गाठायचो. मामाच्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपला जोडायची, कॅसेट लावायची आणि ती वाजेल तशी आत उतरवून घ्यायची. आधी टेपचं हेड स्पिरिटनं पुसायचं, तेही घरच्या शेतातल्या कापसानं. दुकानातला कापूस चालत नसे. "थो मशीनीतून मरून येते," म्हणायचा. गाणं उतरलं की त्यातला तुकडा कापायचा, तो फोनमध्ये टाकायचा आणि एकेका माणसाच्या नावापुढे एकेक तुकडा लावून द्यायचा. काम म्हणून सोपं. मामाच्या संगतीत कोणतंही काम सोपं राहत नसे.

कापण्याचा त्याचा नियम एकच. "ओळ पुरी झाल्याबिगर कापाचं नाई." मी समजावून सांगितलं की मामा, फोन अर्धा मिनिट वाजतो आणि बंद होतो, ही ओळ पाऊण मिनिटाची आहे. तो म्हणाला, मग फोनची चूक आहे. गाणाऱ्यानं जीव ओतून ओढलेली ओळ मध्येच तोडायची म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या फोनवर एकही ओळ कधी पुरी वाजली नाही. सगळ्याच अर्ध्यात तुटायच्या. तरी कापताना मात्र पुरीच पाहिजे. आणि ओळ चालू असताना हा फोन उचलत नसे! "ओळ पुरी होऊ दे," म्हणत फोनकडे पाहत बसे, आणि ती पुरी व्हायच्या आत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. फोन हा बोलण्यासाठी असतो हे या माणसाला पटवायला आख्खं घर कमी पडलं.

कुणाला कोणती टोन द्यायची हे तो एकटा ठरवायचा आणि ठरवताना सूड उगवून घ्यायचा. त्याच्या जुन्या साहेबाला त्यानं नहरीच्या गंजलेल्या गेटचा आवाज दिला. ते गेट उघडताना करकरतं, तोही त्यानं टेप केलेला होता. थोरल्या मावसाजींना बँडवाले वाजवायच्या आधी सनई ओली करून फुंकतात ती फुरफुर. ताईला तिच्याच लग्नात आळीच्या बायकांनी गायलेलं पाठवणीचं गाणं, सगळं अख्खं. आणि मला त्यानं काय द्यावं? त्याची स्वतःची झडती. वीस-बावीस वर्षांचा असताना हिंगणीच्या पोळ्यात त्यानं स्वतः म्हटलेली, खणखणीत आवाजातली, आणि शेवटी लोकांची आरोळी. ती लावताना म्हणाला, "हे काही लायकी पाहून नाई देत. पेटीत जागा नाई म्हून देतो." पण तोंड दुसरीकडे करून म्हणाला. मला काय समजायचं ते समजलं, आणि खरं सांगतो, वर्ध्याला परत येताना मी गाडीवर एकटाच हसत होतो.

ही मिजास वर्षभर टिकली. मग रविवारी नऊला मी फोन लावावा आणि त्यानं उचलूच नये असं व्हायला लागलं. एकदा, दोनदा, चारदा. गेल्यावर विचारलं तर उत्तर तयार. "झडती चालू होती. मधातच कसा उचलू?" एका रविवारी तर मी नऊ वेळा फोन लावला. तो घरातच होता. माझ्या डोक्यात राख गेली. पोचल्यावर मामीच्या देखत मी म्हटलं, "मामा, आता एक करा. यापुढं फोन उचलला तं मी येईन. नाई उचलला तं समजा का मी आलो नाई. माहा रविवार काही रस्त्यावर पडला नाई." मामा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तावात हाये गडी," आणि टेपचं हेड पुसायला लागला.

पुढच्या रविवारी मी फोन लावला तर पहिल्याच रिंगला उचलला. वाटलं, चला, अक्कल आली. पोचल्यावर सहज त्याच्या समोर बसून फोन लावून पाहिला, आपली झडती ऐकावी म्हणून. वाजली ती कंपनीची टोन. तोच भोंगा. मला वाटलं काहीतरी बिघडलं असेल. "नाई बिघडलं," मामा म्हणाला. "मीनच बदलवली. तुले कंपनीचीच बरी." मामी चहा घेऊन येत होती, ती मध्येच थांबली, मग कप ठेवून आत गेली.

आता विचार करा. सगळ्या टोन मी कापलेल्या. वायर माझी, लॅपटॉप माझा, रविवार माझा. साहेबाला गेट, मावसाजींना फुरफुर, आणि मला काय, तर ज्या आवाजावर हा माणूस पहिल्या दिवशी थुंकला तो! गेटसुद्धा नाही! वर त्यानं फोन ठेवायला स्टीलची ताटली पालथी घालून घेतली होती. माझा फोन आला की तो भोंगा वाजायचा, फोन त्या ताटलीवर थरथरायचा आणि सगळं घर झणझणायचं. विचारलं तर म्हणे, "तेवढ्यानं त्या आवाजात जरा जीव येते." मी मनात म्हटलं, ठीक आहे, बोललो त्याची शिक्षा आहे ही. पण जाणं सोडलं नाही. का सोडलं नाही ते मलाही सांगता येणार नाही. बहुतेक आपली झडती परत मिळेल अशी आशा असावी. चाळिशीतल्या माणसानं असल्या गोष्टीची आशा धरावी हे हास्यास्पद आहे, पण होती.

फोनवर तर तो आणखीच बेमुर्वत झाला. पहिल्या रिंगला उचलायचा, "निघाला ना? ये," म्हणायचा आणि माझं उत्तर न ऐकता कट. एकदा मला ताप होता. मी सांगितलं, "मामा, आज येत नाई, ताप हाये." तो म्हणाला, "हो, ये," आणि ठेवून दिला. त्या दिवशी मामीनं माझ्यासाठी पाटोड्या केल्या होत्या, आणि मामा दुपारी दोनपर्यंत फाट्यावर उन्हात उभा होता. पुढच्या रविवारी मलाच ऐकवलं, "भाचेबुवा, बोलले तं यावं माणसानं." मी तापाचं सांगितलं तर म्हणे, "थे सांगाले का झालं होतं?" मी कपाळावर हात मारून घेतला. समोरच्याचं बोलणं ऐकून घेणं म्हणजे आपली बेइज्जती, असं मानणारी माणसं असतात. मामा त्यातला, असं मी ठरवून टाकलं.

त्याच सुमाराला त्यानं परीक्षा सुरू केली. आधी तुकडा कुठे कापायचा ते तो स्वतः सांगायचा. हेडफोन एका कानाला दाबून, डोळे मिटून, बरोब्बर समेवर बोट उचलायचा, आणि मी तिथे खूण करायचो. आता म्हणाला, "मी कवरक सांगू? तुहाबी कान तयार झाला पाह्यजे. तू बोट उचल, मी पाहतो." मग हेडफोन काढून लॅपटॉपवर मोठ्यानं ओळ लावायची, ती पुरी झाली की मी बोट वर करायचं आणि हा माझ्या बोटाकडे डोळे लावून बसायचा. जरा उशीर झाला की डाफरायचा, "झोपला का?" बरोबर असलं तरी डाफरायचा. महिनाभर मी तो जाच सोसला. मग एक दिवस मला खोडी सुचली. ओळ ऐन मध्यावर असताना, गाणारा आवाज चढवत असताना, मी खाडकन बोट वर केलं. मामा म्हणाला, "हं. आता जमून राह्यलं."

मला जो आनंद झाला तो काय सांगू! आख्ख्या हिंगणीला नावं ठेवणारा हा माणूस, आणि याला सम कुठे, मध्य कुठे, कळत नाही! मी आणखी दोनदा तसंच केलं. दोन्ही वेळा, "शाबास." इतकी वर्षं ज्या कानाचा आम्हाला धाक होता तो कान म्हणजे नुसता आव होता, अशी माझी खात्री झाली. हे गुपित पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं.

समुद्रपूरला मावसभावाचं लग्न होतं. दुपारी जेवणं झाली, मांडवात खुर्च्यांचा गोल करून सगळे बसले होते, आणि मी ते बाहेर काढलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. मामाची तिरपी मान, मिटलेले डोळे, माझं खोटं बोट, आणि त्याचं "आता जमून राह्यलं." मावसाजींना फुरफुरीचा राग होताच, ते तर खुर्चीवरून घसरायच्या बेतात आले. मामा चार खुर्च्या सोडून बसला होता. मी त्याच्या डोळ्यांत पाहून बोलत होतो, आवाज मुद्दाम मोठा केला होता. आणि तो हसत होता! सगळ्यांबरोबर मान हलवून, मजेत हसत होता. मी मनात म्हटलं, केवढं जाड कातडं आहे या माणसाचं.

निघताना तो माझ्याजवळ आला, रीतीप्रमाणे वाकला, पायाला हात लावला. उठून म्हणाला, "लय हसवलं बावा तुनं लोकायले. काय सांगून राह्यलता?"

मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, "काही नाई, मामा."

"मंग रविवारी सांगजो," म्हणाला आणि मामीच्या मागे मागे गाडीकडे गेला.

त्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आता गेलं की हा सूड घेणार, असं वाटत राहिलं. मग कॉलेजात परीक्षेचं काम निघालं, मग आणखी काही. कारणं शोधणाऱ्याला कारणांची काय कमी. महिन्यातून एखादी चक्कर व्हायची, तीही घाईची. लॅपटॉप नेणं बंद केलं. मामानं एकदाही विचारलं नाही की मशीन कुठे आहे. नुसता समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि मध्येच काहीतरी लावून बोलायचा, विषयाशी संबंध नसलेलं. या उन्हाळ्यात त्याला एकाएकी धाप लागली, वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. दवाखान्यातही मी वाकून विचारलं, "मामा, कसं वाटते?" तर म्हणाला, "हो, ये."

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मामी अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती आणि मी ओट्यावर. मामाचा फोन त्या पालथ्या ताटलीवर तसाच होता. आपल्या जुन्या साध्या फोनऐवजी हा फोन आता मामी वापरणार होती, म्हणून मी तो जरा ठीकठाक करायला घेतला. का कोण जाणे, माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली. तो भोंगा वाजला, ताटली झणझणली. इतक्या दिवसांचं साचलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. "पाहा मामी. सगळ्या गावाले एक एक टोन देली, अन् मले शेवटवर कंपनीची."

मामीचे हात थांबले.

"तुले मालूम नाई?" ती म्हणाली.

"काय?"

"तुनं म्हटलं होतं ना, फोन उचलला नाई तं येणार नाई म्हून. त्याच दिवशी तू गेल्यावर हे बसले. मले म्हणे, तू तुह्या नावापुढं एक एक टोन लाव अन् आतून फोन कर, मी इथं बसतो. सगळ्या लावल्या. सायबाची लावली, पोरीची लावली, तुही पोळ्याची झडती लावली. एकबी आयकू येत नोती. मी दारातून इचारू, वाजली का? तं मान हलवे, नाई म्हणे. मंग शेवटी हे कंपनीची लावली. तेबी ताटलीवर ठेवली तवा आयकू आली."

मामीनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला.

"पोरीचा फोन माह्यावर येते. तुहा ह्यांच्याच फोनवर येये. थो नाई उचलला तं तू येणार नाई, एवढंच घेऊन बसले होते."

"मंग मले सांगितलं काऊन नाई? डॉक्टरले दाखवलं असतं, मशीन घेतली असती कानाची."

"कोणाले सांगन थो माणूस?" मामीचा आवाज चढला. "आख्ख्या गावाचे कान उपटे. थो सांगन का मलेच आयकू येत नाई म्हून? मले शपथ घातली होती. पेटीतल्या गाण्याचं कापाचं कसं, याची चिंता लागली तं तुले बोट उचलाले लावलं. मले म्हणे, भाच्याचा कान माह्यापेक्षा चांगला हाये, थो चुकणार नाई."

तिनं डाळीचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लग्नात तू सांगून राह्यलता थे मीनं आयकलं. घरी आल्यावर मले इचारलं, भाचेबुवा काय सांगून राह्यलता, लोक लय हसले. मी म्हटलं, तुमची तारीफ करून राह्यलता."

मला लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही. वर एवढी पानं मी त्या माणसाला उद्धट, बेमुर्वत, जाड कातड्याचा म्हणत आलो. उद्धट तो होताच, ते मी मागे घेत नाही. पण माझा फोन तो पहिल्या रिंगला उचलायचा, कारण त्या ताटलीपासून तो हलतच नव्हता. आणि मी, ज्याचे कान चांगले, मला इतक्या वर्षांत काही म्हणता काही ऐकू आलं नाही. त्या पेटीतले मी खोट्या बोटावर कापलेले तीन तुकडे फोनमध्ये अजून तसेच आहेत. एक त्यातला त्याच्या आवडत्या खंजिरीवाल्याचा आहे, अर्ध्या ओळीत तोडलेला. तो मी पुन्हा उतरवून, ओळ पुरी करून कापला. ऐकायला तो नाही. उठता उठता अपमान करायलाही नाही.

फोन मामीच्या हाती द्यायच्या आधी मी विचारलं, "मामी, तुमाले तं सगळं आयकू येते. आता हे काढून टाकतो. मामाची झडती लावू का माह्या नावापुढं?"

तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि परत ताटलीवर ठेवला. "बाकीच्यायची काय बदलवाची थे बदलव. तुही राहू दे."

रविवारी सकाळी नऊला मी अजून फोन लावतो. पहिल्या रिंगला उचलला जातो. "निघाला ना? ये," मामी म्हणते, अगदी त्याच्यासारखं. पण कट करत नाही. मी "निघालो" म्हणतो, ते ऐकते, आणि मग ठेवते.